पथारीवरची एकचाकी
मिरचीचा ठसका लागला की नंदुरबारबाहेरची ती पथारी डोळ्यांसमोर येते. त्या उघड्या मैदानभर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या आणि कडेच्या वाटेने मी रोज सकाळी हौसेने एकचाकी सायकल चालवायचो. पथारीचा शेठ मजुरांसमोर हमखास ओरडायचा, "दुसरं चाक कोठे इकी टाकं, भो?" मी चाक विकून खाल्लं म्हणून सगळे खो-खो हसायचे. एकदा तोच ऐटीत माझ्या सायकलवर चढला. अंग पुढे झुकवायचं असतं, हे मी मुद्दामच सांगितलं नाही. चाक पुढे सटकलं, शेठ मिरच्यांत आडवा झाला आणि त्याच हातांनी त्याने डोळे चोळले. "पानी लई ये रे!" तो बोंबलला. पाणी आणायचं तर नळ पार पलीकडच्या टोकाला होता. मी एकचाकीवर बसूनच निघालो. ती हळू चालवणं सगळ्यात अवघड असतं, पण त्या दिवशी चालवली तितकी हळू मला आजवर पुन्हा जमलेली नाही.