वास्तू ऐकते म्हणून खळ्यावर

२ मार्च २००४, मंगळवार. सकाळपासून मी तुरीला तेलपाणी चोळत होते. चोळून उन्हात टाकल्याशिवाय जात्यात तुरीचं साल सुटत नाही. आमच्या बचत गटाचा धंदा हाच होता. गावची तूर घ्यायची, हातानं डाळ करायची आणि सेनगावच्या बाजारात विकायची. आम्ही पंधराजणी होतो, त्यातल्या चौघी बंजारा तांड्यावरच्या.

एका योजनेतून गटाला डाळीचं यंत्र मिळणार होतं. अर्ज दुसऱ्याच दिवशी तालुक्याला, सेनगावला द्यायचा होता. यंत्र एकदाच मिळणार, त्यामुळे चुकीचं घेतलं तर ते नुसतं सांभाळत बसायचं. आमच्या अध्यक्ष काकूंनी मोठं यंत्र ठरवून टाकलं होतं. ते फक्त तुरीचं होतं आणि थ्री फेज विजेवर चालायचं. लहान यंत्र डिझेल इंजिनावरही चालायचं, मूग-हरभराही करायचं, पण काकू त्याला खेळणं म्हणायच्या. अर्ज मी भरून ठेवला होता. दहावी झालेली मी एकटीच, म्हणून मी सचिव.

दुपारी जिल्ह्याहून प्रशिक्षण देणारे एक सर आले. काकूंच्या माजघरात त्यांनी मोठा कागद पसरला आणि दोन रेघा मारून त्याचे चार खण केले. एका बाजूला गावात तूर, दुसऱ्या बाजूला सगळीकडे सोयाबीन. वर वीज भरपूर, खाली वीज नाही.

"दहा वर्षांनी यातलं कुठलंही येऊ शकतं," सर म्हणाले. "कुठलं येईल ते ओळखायचं नाही. चारही खणांत आपला गट काय करत असेल, तेवढं सांगा."

बायकांनी भराभरा सांगितलं. चारही खणांत यंत्र धडाधड चालू होतं.

"पण या खणात वीजच नाही," सर म्हणाले.

"येईल की सर. सणाला तर येतेच."

"आणि इथे तूर नाही."

"तूर काहून न्हाई?" काकू म्हणाल्या. "काळी जमीन काय पळून चालली का?"

सरांनी तीन वेळा समजावलं, तिन्ही वेळा तेच. शेवटी मी त्यांना बाजूला घेतलं. "सर, घरात वाईट कुणी बोलणार नाही. वास्तू तथास्तु म्हणते."

"तुम्ही मानता हे?"

"मी नाही मानत. पण त्या चौदाजणी मानतात. बाहेर खळं रिकामं आहे. तिथे वास्तू नाही."

काकूंनी आधी किती वाजले ते विचारलं. तीन वाजले होते, तिन्हीसांजेला अवकाश होता. मग निघाल्या.

खळ्यावर मी चुलीतल्या राखेनं तसेच चार खण आखले. सर सगळ्यांत वाईट खणापासून सुरू करावं की नाही याचा विचार करत होते, तेवढ्यात तांड्यावरची थोरली त्याच खणात जाऊन उभी राहिली.

"हितं तूर बी न्हाई, लाइट बी न्हाई," ती म्हणाली. "यंत्रावर कोंबडी अंडी घालून राहिली."

"माझी सून त्याच्यावर गोधड्या वाळवून राहिली," दुसरी म्हणाली.

"अन् अध्यक्ष काकू?" कुणीतरी विचारलं.

"त्या दुकानातून डाळ इकत आणून राहिल्या."

काकू पदराआड हसल्या. आता बायका थांबेनात. घरात गप्प बसलेल्या एकेकीनं पुढच्या दहा वर्षांची वाट लावून दाखवली. सरांना लिहायला कागद पुरेना.

हसणं ओसरल्यावर तांड्यावरची थोरली म्हणाली, "हसा तुमी. आमच्या जुन्या लोकायपाशी बैलं लई होते. त्यायच्यावर मीठ वाहायचे, धान्य वाहायचे. मग रेल्वे आली. बैल धट्टेकट्टे, अन् वाहायला कायच न्हाई."

"मग?" काकूंनी विचारलं.

"मग शेती शिकले. पण तवर बैलायला चारू चारू थकले."

काकूंनी राखेतल्या खणांकडे पाहिलं. "बैल निदान चालत तरी होते," त्या म्हणाल्या. "हे मोठं यंत्र तर जागचं हलणार न्हाई."

मग त्या उठल्या आणि एकेका खणात उभ्या राहून विचारू लागल्या, "हितं मोठं चालंल का?" तूर आणि वीज दोन्ही असलेल्या एकाच खणात आम्ही होय म्हणालो. लहान यंत्र तीन खणांत चालत होतं. चौथ्यात वीज नाही म्हणून विहिरीवरची मोटार नाही, आणि मोटार नाही म्हणून हरभराही नाही; तिथे सगळ्या अडल्या.

"तिथं ते गाडीत घालायचं अन् तूर असंल त्या गावाला न्यायचं," तांड्यावरची म्हणाली. "वाहायचं काम आमच्याकडं."

"खेळणं तर खेळणं," काकू म्हणाल्या. "अर्ज बदल."

घरात शिरण्याआधी रांजणाच्या पाण्यानं प्रत्येकीनं चूळ भरली. सरांनीही भरली. का ते त्यांनी विचारलं नाही.

पुढे त्या चारातलं एकही जसंच्या तसं आलं नाही, दोन-तीन खणांची भेसळ आली. सोयाबीन वाढलं, तूर थोडी उरली, वीज लहर येईल तेव्हा यायची. पण येईल त्याला आम्ही एकदा राखेत उभ्या राहून भेटलो होतो, त्यामुळे फार धावपळ झाली नाही.

खळ्यावरच्या त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नवा अर्ज घेऊन मी काकूंकडे गेले. त्यात एक ओळ जास्तीची होती, ती मी वाचायला लागले, "वीज नसल्यास..."

"घरात काहून वाचून राहिलीस?" म्हणत काकूंनी मला हाताला धरून बाहेर काढलं. सेनगावची जीप पिंपळाजवळ उभी होती. तिच्या तापलेल्या बॉनेटवर कागद ठेवून काकूंनी उन्हात सही केली, आणि मी मागे जाऊन बसले. जीपला ताडपत्रीचं का होईना, छत होतं. सेनगाव येईपर्यंत मी अर्ज पिशवीतून बाहेर काढला नाही.