वरच्या आजोबांचं एक वाक्य

“मढ्याचं काम त्या फ्रेंच म्हाताऱ्याला द्या, हरकत घ्यायला त्याला बायको नाही,” मस्कतजवळच्या अल अमेरातच्या हॉलमध्ये तालमीच्या वेळी मागून कोणीतरी हळूच म्हणालं. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात मेलेले वडील सुरुवातीपासून शेवटपर्यंत खाटेवर पडून असतात आणि भोवती मुलं भांडत असतात. भांडायला सगळे तयार होते. मरायला मात्र कोणाचीच बायको नवऱ्याला परवानगी देत नव्हती. नवऱ्याला पांढऱ्या चादरीखाली बघायचं म्हणजे अपशकुन, वर व्हिडिओ पुण्याला सासूबाई बघणार. मी कोपऱ्यात संहिता घेऊन बसले होते, कारण मला प्रॉम्प्टर केलं होतं; स्टेजवर जायला लाजते ती विंगेत तरी उभी राहील, असा आईचा विचार. पण त्या फ्रेंच म्हाताऱ्याइतकं, म्हणजे आमच्या वरच्या आजोबांइतकं चांगलं मरणारा माणूस अख्ख्या मस्कतमध्ये नसेल, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

वरचे आजोबा म्हणजे मदिनत सुलतान काबूसमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे. मुलगी इथे शाळेत शिकवायला आली, तिच्याबरोबर तेही आले. त्याआधी आयुष्यभर ते फ्रान्समध्ये नट होते. रंगभूमीवर त्यांनी राजा, बिशप, खाटीक, वकील आणि एकदा तर नायकाची आईसुद्धा केली. सिनेमावाल्यांनी मात्र त्यांना बहुतेक वेळा मारलंच. विषाने, तलवारीने, समुद्रात बुडवून, एकदा वरून पियानो पाडून. त्यांच्या गावच्या बेकरीत लोकांना त्यांचं नाव आठवायचं नाही, पण पाव कागदात गुंडाळताना हमखास विचारायचे, ते बुडणं कसं जमवलंत? “सिनेमात मरणं सोपं,” ते मला सांगायचे, “कॅमेरा दुसरीकडे वळतो. नाटकात शेवटच्या रांगेतलं एखादं पोर तुझं पोट हलतंय का ते बघत बसलेलं असतं.” हे सगळं ते फ्रेंचमध्ये सांगायचे, कारण दहावीपर्यंत मला फ्रेंच होतं. मला बोलताना फक्त पुस्तकातली वाक्यं यायची, म्हणून लिफ्टमध्ये मी त्यांना स्टेशन कुठे आहे आणि हवा कशी आहे एवढंच विचारायचे. मस्कतला स्टेशन नाही आणि हवा फारशी बदलत नाही, तरी ते दर वेळी विचार करून उत्तर द्यायचे.

घरी बसले तरी कामं करायची सवय सुटली नव्हती. रोज सकाळी पाव आणायला ते कोणीतरी वेगळंच होऊन जायचे. चालण्यावरून वॉचमन ओळखायचा आणि आम्हाला कळवायचा, “आज साहब पादरी है.” एकदा ते सेनापती होऊन उतरले, तेव्हा पाण्याचा टँकर घेऊन आलेल्या ड्रायव्हरने पाइप खाली ठेवून सलाम केला होता. आमच्याकडे आले की थालीपीठ जॅम लावून खायचे. आईने त्यावर कधी काही म्हटलं नाही. जाताना दारात ती सगळ्यांना म्हणते तसं त्यांनाही म्हणायची, “जेवूनच जा.” तेवढं एक मराठी वाक्य ते न शिकवता शिकले.

मढ्याचं काम त्यांनी आनंदाने घेतलं आणि मग प्रश्न सुरू केले. हा माणूस कशाने गेला? थोरल्या मुलावर राग होता का? दिग्दर्शक काका म्हणाले, “सर, तुम्ही नुसतं पडा.” ते नुसतं पडले, आणि धाकट्या सुनेचं काम करणाऱ्या मावशींना खरंच रडू फुटलं. बाकीचे नट कुरकुरायला लागले, आपण बोलतो आणि लोक मढ्याकडे बघतात. मग एके दिवशी आजोबांनी काकांकडे एक वाक्य मागितलं. मुलीचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं. तिकडे परत गेल्यावर त्यांना कोणी काम देणार नव्हतं. हे रंगभूमीवरचं शेवटचं. “लोकांच्या लक्षात माझी मरणं आहेत,” त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, “आवाज कोणाच्याच नाही.” काका बरेच दिवस नाही म्हणत राहिले. शेवटी ठरलं: भांडणं टोकाला गेली की मढं उठून बसणार आणि सगळ्यांना म्हणणार, “जेवूनच जा.” मग पडदा.

जूनमध्ये ते गेले. वर आता दुसरं कुटुंब आहे आणि वॉचमनकडे सकाळी सांगण्यासारखं काही नसतं. मंडळातले लोक अजूनही निरोप घेताना आजोबांसारखा ‘ज’चा ‘झ’ करून एकमेकांना ‘झेवूनच झा’ म्हणतात. पण प्रयोगाच्या दिवशी ते वाक्य राहूनच जाणार होतं.

त्या संध्याकाळी आजोबा उठून बसले आणि हॉल हशाने फुटला. टाळ्या, शिट्ट्या. खाटेवर ते पाठ ताठ करून बसले, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. विंगेत काका पुटपुटले, “विसरला म्हातारा.” मी संहितेतलं वाक्य हळू आवाजात दिलं. आजोबांनी बोट किंचित वर केलं, आणि मला कळलं की ते विसरले नव्हते. हशा ओसरेपर्यंत जुना नट बोलत नाही. पण पडद्याच्या दोरीवर होते वसईचे अंकल, हॉटेलात नोकरीला, सगळी कामं झटपट उरकणारे. टाळ्या म्हणजे शेवट, असं समजून ते म्हणाले, “खलास, यल्ला, चला आता,” आणि पडदा सरकायला लागला. आजोबा अजून थांबलेच होते. माझ्या पुढे काका होते, पलीकडे सगळं मंडळ, समोर भरलेला हॉल, आणि शाळेत हजेरीलासुद्धा माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नसे.

“पडदा थांबवा,” मी म्हणाले. “आजोबांचं वाक्य राहिलंय.”