रेघ मारलेला रकाना

आमच्या गावात गुरुजींबद्दल कुणी वाईट बोलत नाही. मलाही बोलायचं नाही. पण माझं जे झालं ते त्यांना वगळून सांगता येत नाही, म्हणून अडखळत का होईना, लिहिते आहे.

गाव हिवरखेडच्या पुढे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींची जवळजवळ सगळी नोकरी गेली. बदलीचा कागद आला की गावातली माणसं तालुक्याला जाऊन ती थांबवून यायची. आमच्याकडे विहिरींचं पाणी खारट. गोड पाण्याच्या नळासाठी बायांचा मोर्चा गुरुजींनीच नेला. वाचनालय त्यांनी काढलं. सातवीनंतर घरी बसवलेल्या मुलीच्या अंगणात ते शाळा सुटल्यावर जाऊन बसायचे, बाप हो म्हणेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. माझी आत्या अशीच दहावी झाली.

आणखी एक गोष्ट गाव अभिमानाने सांगायचं. शाळेत नाव घालतात त्या रजिस्टरात जातीचा एक रकाना असतो. ज्यांना शिष्यवृत्ती मिळायची त्यांची जात गुरुजी लिहायचे, कारण ती लिहावीच लागे. बाकी सगळ्यांपुढे आडवी रेघ. कुणब्याचा असो, माळ्याचा असो, रेघ. ते स्वतः लहान असताना त्यांचे मास्तर जात पुकारून हजेरी घ्यायचे, ते त्यांना कधी विसरता आलं नाही. तपासणीला आलेले साहेब रागवायचे. गुरुजी ऐकून घ्यायचे आणि पुढच्या नावापुढे पुन्हा रेघ मारायचे. पंधरा ऑगस्टच्या भाषणात कुणीतरी हे सांगायचंच, आणि आम्ही मुलं टाळ्या वाजवायचो.

माझ्या वडिलांच्या नावापुढेही रेघ आहे.

आम्ही माळी. वांगी, मेथी, सणाला झेंडू. आमच्या घरातून बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. अमरावतीला नर्सिंगला राखीव जागेवर माझा नंबर लागला, पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत द्यायचं या अटीवर. माझ्या दाखल्यावर जात आहे, कारण माझ्या वेळेपर्यंत गुरुजी निवृत्त झाले होते. पण पडताळणीत मुलीच्या कागदाला फारसं वजन नसतं. बापाचा लागतो, आजोबाचा लागतो, जितका जुना तितका बरा. आजोबा अचलपूरकडून मजुरीला आलेले, शाळेची पायरी न चढलेले. वडील तीनदा अचलपूरला जाऊन आले. कुठल्याच दप्तरात आजोबांचं नाव निघालं नाही. गावातल्या दुसऱ्यांचं काहीतरी निभायचं, कुणाच्या चुलत्याचा परगावचा जुना दाखला सापडायचा. आमच्याकडे वडिलांचा तो एकच कागद.

गुरुजी आता अकोल्याला, जठारपेठेत मुलाकडे असतात. ऐंशी कधीच ओलांडली. आम्ही गेलो तेव्हा वडील त्यांच्यासमोर खुर्चीवर बसेनात.

"बस ना लेका. आता काय अंगठे धरायले लावतो का तुले?"

"तुमचा काय भरोसा, गुरुजी," असं म्हणून वडील खुर्चीच्या कडेला टेकले.

मी सगळं सांगितलं. वडिलांनी वातावरण हलकं करायला बघितलं. म्हणाले, "छडी खाताना तं आमी सारे एकाच जातीचे होतो, गुरुजी. तेच लिवून टाकाचं होतं."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "सुनावणी कधी हाये?"

आतून त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, मागच्या खेपेला घरी आल्यावर दोन दिवस उठला नव्हता तुम्ही."

"मंग या खेपेले बसूनच राहीन."

तेव्हा मला कळलं की गावातल्या मुलांसाठी ते दरवर्षी असे सुनावणीला जात होते.

सुनावणीच्या दिवशी आम्ही ऑटोने पडताळणी समितीच्या कार्यालयात गेलो. गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि आपल्या नोकरीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतले होते. समोर एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी गुरुजींना खुर्ची दिली आणि विचारलं, "हा रकाना रिकामा का आहे?"

"रिकामा नाई. रेघ हाये. मी मारली."

"आपल्याला या मुलाची जात माहीत होती?"

"गावात कोणाले माहीत नसते, बाई? माळी होता. आताई हाये."

"मग लिहिली का नाही?"

गुरुजींनी वडिलांकडे बघितलं. म्हणाले, "मले वाटलं, याइच्या लेकराइले जात लागणार नाई."

बाईंनी सावकाश समजावून सांगितलं की तोंडी सांगण्यावर त्यांना निर्णय देता येत नाही, जुना कागद हवा. त्यांनी पुढची तारीख दिली. त्या तारखेलाही आमच्याकडे काही नव्हतं. दावा नामंजूर झाला आणि अमरावतीची जागा गेली. खुल्या जागेइतके मार्क मला नव्हते.

अमरावतीचं होस्टेल सोडताना माझ्या खोलीतली मुलगी म्हणाली, "काहून व, घरी कोणी वारलं का?" मी नाही म्हटलं. मग बॅग उचलली.

आता मी अकोल्यात बी.ए.ला आहे. मला गुरुजींचा राग आला होता, हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आत्याची दहावी आठवली की राग कमी व्हायचा. नर्सिंगच्या मुली पांढऱ्या कपड्यांत दिसल्या की परत यायचा. तो अजून गेलेला नाही. त्यांनी चूक केली असंही मला धड म्हणता येत नाही.

या वर्षीच्या सुरुवातीला त्यांनी मला बोलावून घेतलं. शाळेतून त्या रजिस्टराच्या पानांच्या झेरॉक्स मागवल्या होत्या. त्यांचा हात थरथरतो, म्हणून लिहायला मी. त्यांना पडताळणी समितीला एक निवेदन द्यायचं आहे. ज्यांच्यापुढे त्यांनी रेघ मारली त्या प्रत्येकाची जात, आणि खाली त्यांची सही. म्हणून रविवारी मी जाते. मी नाव वाचते, ते जात सांगतात. मला वाटलं होतं आठवायला वेळ लागेल. पण त्यांना सगळ्यांची पाठ आहे. कोण कुणाचा, कुणाचं घर कुठल्या बोळात, कोण चौथीतून सुटला, कोण गेला. आवाज अगदी हजेरी घेतल्यासारखा, फक्त मान खाली. वडिलांचं नाव आलं तेव्हा ते म्हणाले, "माळी," आणि मी लिहिलं.

मागच्या रविवारी सूनबाईंनी स्वयंपाकघरात मला हळूच विचारलं, "याचा काही उपयोग होणार आहे का गं?"

मी पडताळणीचे नियम आता बरेच वाचले आहेत. म्हटलं, "नाही, काकू."

मी बाहेर आले तेव्हा गुरुजी दाराकडेच बघत होते. त्यांना ऐकू गेलं होतं. मी खाली बसले, कागद मांडीवर घेतला आणि आपण कुठपर्यंत आलो होतो ते शोधायला लागले.

"तिसरं पान," गुरुजी म्हणाले. "पुढचं नाव वाच."