अध्यात्माच्या कपाटातला मंगळ

आमच्या नंदनवन वस्तीच्या वाचनालयात पुस्तकं देणारे रुपराव सातवीपर्यंतच शिकलेले, पण मंगळावरच्या विनोदी कादंबऱ्या त्यांना तोंडपाठ होत्या. १९७६ साली कार्यकारिणीने ठराव केला की असली पोरकट पुस्तकं रद्दीत घालावी. रुपरावांनी रद्दीवाल्याला जुनी पंचांगं दिली आणि कादंबऱ्यांना खाकी कव्हरं घालून त्या अध्यात्माच्या कपाटात लावल्या. त्या कपाटाकडे कार्यकारिणीतलं कुणी कधी फिरकत नसे.

महिन्याभरात नंदनवन भलतंच धार्मिक झालं. पेन्शनर मंडळी अध्यात्म वाचताना पोट धरून हसू लागली. तेव्हा अध्यक्ष नानाजी स्वतः तपासणीला आले आणि एक पुस्तक उघडून उभ्याउभ्याच वाचू लागले. आता नोकरी गेलीच, असं रुपरावांनी गृहीत धरलं.

तासाभराने नानाजींनी मान वर केली. "रुपराव, हे काय ठेवून राहिला गा?"

"अध्यात्म हाय, नानाजी."

"थे दिसते मले. पण हा हवालदार सायकल घेऊन मंगळावरच्या कड्यावर चढला, अन् इथंच पहिला भाग संपला! दुसरा काहून नाही ठेवला?"

"थो तुमच्याच घरी हाय, नानाजी. आठ दिवसांपासून वहिनी पारायण करून राहिल्या."