नजरेला नजर भिडवा!

डोळ्यांत बघितल्यानं डोळे येत नाहीत, हे मी आमच्या अख्ख्या गल्लीला पटवून दिलं. चौथ्या दिवशी अख्ख्या गल्लीचे डोळे आले.

पहिले आले ते माझेच. लालभडक, चिकट, पाण्याची धार. आईनं लगेच काळा गॉगल आणून दिला.

"घाल ह्यो. रविवारी ताईचा साखरपुडा हाय. नेसरीच्या पावण्यांकडं असल्या डोळ्यांनी बघितलंस, तर सोयरीक मोडंल!"

बघितल्यानं? आजच्या काळात? माझं रक्तच खवळलं! (डोळे आधीच लाल, त्यामुळं कुणाला फरक कळला नाही.) चहा गार व्हायच्या आत पत्रक लिहून तयार: 'नजरेला नजर भिडवा! बंधू-भगिनींनो, लाली हे लक्षण, जंतू हे कारण आणि हात हा पसरण्याचा मार्ग! नजरेचा संबंध काय?' झेरॉक्सचा गठ्ठा काखेत मारला, गॉगल भिरकावला आणि तालमीच्या कट्ट्यावर दाखल झालो.

पद्धत साधी. डोळा पुसायचा, पत्रक द्यायचं, समोरच्याचा हात हातात घ्यायचा आणि थेट डोळ्यांत बघायचं.

"आरं, लांब हो की मर्दा!" शेजारचे तुकामामा ओरडले.

"भ्यायचं न्हाय मामा! बघा माझ्याकडं!" मी त्यांचे दोन्ही हात गच्च धरले. "झालं काय?"

"न्हाय बा."

"मग!"

त्याच जोशात नेसरी गाठली. होणाऱ्या दाजींना तर मिठीच मारली. "दाजी, अंधश्रद्धेवर संसार उभारू नका!" ते बिचारे माझ्याच पत्रकानं तोंडाचा घाम पुसत "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

शनिवारी तुकामामांचे आले. मग आईचे, आबांचे, आणि शेवटी ताईचे! तिनं चप्पल उचलली. (कोल्हापुरी. म्हणजे वजन आलंच.) "उद्या माझं मोडलं, तर तुझं डोळं काढून त्या गठ्ठ्यावर ठेवीन!"

डॉक्टरांकडं धावलो.

"हात धूत होतास का?"

"पत्रकात छापलंय की, हात हा मार्ग!"

"छापलंयस. धुतलास का?"

मी पावसापाण्याचा विषय काढला.

रविवारी दारात जीप थांबली. आम्ही सगळे काळ्या गॉगलमध्ये. जीपमधनं दाजी उतरले. काळा गॉगल! मागनं त्यांची आई, काका, आत्या. सगळ्यांना गॉगल! दोन्हीकडची माणसं खंडणीला आल्यासारखी समोरासमोर उभी. दाजींच्या काकांनी खिशातनं माझं पत्रक काढलं.

"ह्ये कुणाचं?"

ताईनं माझ्याकडं बोट केलं.

काका हसले. "पावणं, पोरगं गुणी हाय हां! नुसतं बघितलं, आन् दोन गावाचं डोळं आणलं! आता दोन्ही घरचं दुखणं एकच, म्हंजे सोयरीक पक्कीच की!"

दाजींनी चाचपडत अंगठी घातली. करंगळीत. पण घातली!

ते पत्रक नेसरीत अजून जपून ठेवलंय. बघितल्यानं डोळे येतात, याचा छापील पुरावा म्हणून! आणि लग्नात अंतरपाट दोन धरले होते: एक ताई-दाजींच्या मध्ये, दुसरा माझ्यापुढं.