रॉजर म्हणालेला माणूस

ऑक्टोबरच्या शेवटी आमची कंपनी उत्तर काश्मीरमधल्या एका डोंगरावर चढली. खाली कंपनीचा बेस, वर धारेवर एक चौकी. बेसवर मी. चौकीवर माझा दोस्त लान्स नायक बाळू येळवंडे आणि सेक्शनची बाकी पोरं. मधे एक नाला आणि त्याच्या कडेने चढत गेलेली पायवाट. बर्फ पडायला लागला की वरची चौकी दिसायची नाही. फक्त रेडिओवर आवाज यायचा. पुढचा सगळा हिवाळा असाच काढायचा होता.

मी निवृत्त हवालदार शमुवेल साळवे. मूळचा नगर जिल्ह्यातला, आता आकुर्डीत राहतो. चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला पुरुषांच्या सभेत बोलायला सांगितलं. विषय दिला, ख्रिस्ती पुरुष म्हणजे काय. मी म्हणालो, मला प्रवचन येत नाही. ते म्हणाले, "साळवे, तुमच्या नोकरीतलं काहीतरी सांगा." नोकरीतलं सांगण्यासारखं माझ्याकडे एकच आहे. ते मी आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. बाळगून बाळगून दमलो, म्हणून आता सांगतो.

पलटण सगळी मराठी पोरांची. कंपनीत ख्रिस्ती मी एकटा. रविवारी मंदिर परेड असायची. मी सगळ्यांबरोबर बूट काढून उभा राहायचो, आरती संपली की प्रसाद घ्यायचो. गावाकडच्या आमच्या जुन्या पाळकांना ते आवडलं नसतं. पण ज्या पोरांबरोबर एका दोरावर चढायचं, त्यांच्यापासून लांब उभं राहणं मला जमलं नाही. पोरं मला 'पाद्री' म्हणत. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता.

हे नाव बाळूनेच पाडलं होतं. बाळू चाकणजवळच्या एका गावचा. वडील शेतकरी. त्यांच्या शिवारात तेव्हाच कंपन्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या. बाळूचा बेत असा होता, की नोकरी संपली की टेम्पो घ्यायचा आणि कंपन्यांचा माल वाहायचा. नाताळच्या आधी तो रेशन न्यायला खाली आला. त्याने चॉकलेटच्या चांदीची एक वेडीवाकडी चांदणी कापली आणि माझ्या बंकरच्या दाराला चिकटवली.

"पाद्री, तुझ्या देवाचा बड्डे हाय ना?"

नंतर चहा पिताना त्याने मला विचारलं, "तुमच्यात दुश्मनाला माफ करायचं आसतंय म्हनं. मग तू फौजंत काय करतुयास?"

मी म्हणालो, "ड्युटी."

तो खूप हसला. मलाही त्यापेक्षा बरं उत्तर सुचलं नव्हतं.

फेब्रुवारीत सलग दोन दिवस बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. त्या दिवशी वरून लिंक पेट्रोल खाली यायचं होतं, म्हणजे तिघाजणांनी नाला उतरून बेसवर यायचं, डाक आणि औषधं घ्यायची आणि परत चढायचं. पेट्रोलचा लीडर बाळू. निघायची वेळ आठ. साडेसहाला मेजरसाहेबांनी हवामानाचा इशारा वाचला. नाल्यावर ताजा बर्फ बसला होता, ऊन लागलं की तो सुटणार होता. त्यांनी पेट्रोल रद्द केलं. सेटवर मी होतो. वरच्या चौकीच्या सेटवर सिपाही गोविंद घुगे होता, परभणीकडचा. त्याचा आवाज मी झोपेतही ओळखला असता.

"वन, धिस इज कंट्रोल. लिंक पेट्रोल कॅन्सल. नाल्यात मूव्हमेंट बंद. ॲकनॉलेज. ओव्हर."

थोडी खरखर झाली. मग आवाज आला.

"रॉजर. आउट."

रॉजर म्हणजे मेसेज मिळाला. मी सेट बदलीला आलेल्या पोराकडे दिला आणि दाढी करायला गेलो.

साडेआठच्या सुमारास आमच्या संत्रीने हाक मारली, "वरून कोणीतरी उतरतंय." मी बाहेर आलो. नाल्याच्या वरच्या तोंडाला तीन काळे ठिपके होते. मी आत पळालो, सेट हातात घेतला, पेट्रोलला हाक दिली. "जागेवर थांबा. मागे फिरा. मागे फिरा." त्यांच्या सेटवरून उत्तर आलं नाही. थंडीत बॅटरी बसत असे. मी पुन्हा बाहेर आलो, तेव्हा डोंगरावरून पांढरं धुकं उतरत होतं. आवाज त्याच्या नंतर आला.

आम्ही फावडी, सळया, दोर घेऊन गेलो. पहिले दोघे तासाभरात सापडले. ते जिवंत होते. बाळू सर्वांत पुढे होता. तो दुपारनंतर सापडला. फावडं लागू नये म्हणून शेवटचा बर्फ मी हातांनी काढला. त्याचा चेहरा साफ केला. माझ्याकडे प्रार्थनेचे शब्द होते, पण त्यातला एकही तोंडातून निघाला नाही. मी त्याची टोपी नीट केली आणि स्ट्रेचर मागवलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. गोविंद म्हणाला, मेसेज मिळालाच नाही. एवढ्यावर तो थांबला नाही. म्हणाला, हवालदारसाहेबांनी त्या वेळी हाकच दिली नाही. माझ्याजवळ सेटवर त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. मी सांगितलं, मी मेसेज दिला आणि त्याने रॉजर दिला. त्याचा शब्द आणि माझा शब्द. शेवटी कागदावर संपर्कातला बिघाड असं आलं. शिक्षा कुणालाच झाली नाही. पण पलटणीत कुजबुज राहिली, की साळवे त्या सकाळी सेटवर झोपला असावा. समोर कोणी बोललं नाही. मला 'पाद्री' म्हणणं मात्र बंद झालं. बढती हुकली. हवालदार म्हणूनच घरी आलो.

बाळूच्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांच्याही कानावर ती कुजबुज गेली होती. मी दरवर्षी त्यांच्याकडे जायचो. ते चहा द्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे. त्या सकाळबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही आपणहून काढलं नाही. साक्षीदाराशिवाय बोलायचं म्हणजे मेलेल्या मुलाच्या बापापुढे स्वतःची सफाई देणं. ते माझ्याने होईना.

ही अशी बारा वर्षं गेली. गेल्या वर्षी जूनमध्ये एजन्सीने आमच्या गेटसाठी नवीन गार्ड पाठवले. मी केबिनमध्ये एकेकाला बघत होतो. तिसरा माणूस आत आला आणि दारातच सावधान झाला. केस पिकलेले, गाल बसलेले. तरी तो तोंड उघडायच्या आधीच मी ओळखला.

"साहेब," गोविंद म्हणाला.

मी म्हणालो, "उद्या ये." तो गेला. त्याला माहीत होतं की उद्या मी नाही म्हणणार.

घरी मी मार्थाला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं.

"तुम्हाला एक विचारू?" ती म्हणाली. "चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना तुम्ही एका ओळीला गप्प होता. माफीच्या. मी शेजारीच असते. इतकी वर्षं ऐकतेय."

मला वाटलं होतं ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

"मनातून येत नाही तर कशाला म्हणू?" मी म्हणालो. "त्याने बाळूला मारलं आणि ते माझ्या माथी मारलं. मी माफ केलं तर बाळूला काय सांगू?"

"मनाचं नंतर बघा. त्याच्या घरी कोण कोण आहे?"

"बायको आणि मुलगी. भाड्याची खोली आहे म्हणाला एजन्सीवाला."

"मग नोकरी द्या. तेवढं तुमच्या हातात आहे. मनातलं त्याच्या हातात," तिने वर बोट केलं आणि पुन्हा पोळी लाटायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ठेवून घेतला. यात काही मोठेपणा नव्हता. माझ्या मनात त्याच्याबद्दल काडीचीही माया नव्हती. इतरांसारखीच त्याला शिफ्ट लावली, इतरांसारखीच सुट्टी दिली. त्याला ओव्हरटाइम द्यायची वेळ आली की माझा हात थांबायचा. मग मी मुद्दाम सही करायचो. रोज सकाळी तो सॅल्यूट करायचा, रोज मी तो घ्यायचो. ट्रक आत यायचे, बाहेर जायचे. ख्रिस्ती माणसाचं असणं म्हणजे जर हे असेल, तर ते फार कंटाळवाणं आणि दमवणारं काम आहे, असं मला संध्याकाळी बसमध्ये वाटायचं. क्षमा केली की मन हलकं होतं असं मी लहानपणापासून ऐकत आलो. माझं झालं नाही.

दिवाळीनंतर एके दुपारी गोविंद केबिनमध्ये आला. दार लावून घेतलं.

"साहेब, मेसेज मला मिळाला होता."

"मला माहीत आहे."

"रात्रभर सेटवर मीच होतो बगा. रॉजर दिला. म्हटलं, पाच मिनिटांत उठून बाळूला सांगतो. डोकं टेकलं. जागा झालो तर ते निघून गेलते. मी बाहेर पळालो, हाका मारल्या. वाऱ्यात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. नंतर भ्यालो. तुमचं नाव घेतलं."

मी समोरचं शिफ्टचं रजिस्टर मिटलं.

"तुम्ही मला काढलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "तुम्ही रोज माझा सॅल्यूट घेता, ते बघवत नाही. मला बाळूच्या घरी न्या."

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्याच सुटकेचा. आता आबांना कळेल, मी झोपलो नव्हतो. दुसरा विचार आला, की त्या म्हाताऱ्या माणसाला आता हे ऐकवायचं कशाला? मी गोविंदला आठवडाभर थांबवलं. रोज प्रार्थना केली. उत्तर काही आलं नाही. शेवटी रविवारी चर्चहून आलो, जेवलो आणि त्याला मोटारसायकलवर मागे बसवला.

आबा ओसरीवर बसले होते. कंपाउंडपलीकडे एका कारखान्याची शेड आहे, तिचा आवाज दिवसभर येतो. आबांना तो आता ऐकू येत नाही. मी गोविंदची ओळख करून दिली, "आबा, हा बाळूबरोबर वरच्या चौकीवर होता." गोविंद खाली जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, काही न गाळता. माझं नाव घेतल्याचंही सांगितलं.

आबांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग माझ्याकडे वळले.

"तू एवढी वर्सं येतूस. बोलला का न्हाईस?"

"आबा, मला साक्षीदार नव्हता."

"मी इचारलं व्हतं का साक्षीदार?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मी बी इचारलं न्हाई म्हना. माजंबी चुकलंच."

गोविंद मान खाली घालून रडत होता. मला वाटलं आबा आता त्याला उठायला सांगतील. मी निघायच्या तयारीत होतो. आबांनी त्याला विचारलं, "त्या सकाळी त्यो जेवला व्हता का?"

गोविंदने डोळे पुसले. "व्हय आबा. तीन पराठे खाल्ले. पहाटे आम्ही दोघंच जागे होतो तेव्हा, साहेबांचा मेसेज यायच्या आधी. मिरचीच्या लोणच्याची शेवटची फोड काढली. पण खाल्ली नाही. डबीत घातली आणि डबी खिशात टाकली. म्हणाला, पाद्रीला नेतो, तो नाताळापास्नं मागतोय, द्यायचं राहिलंय."

मला ती डबी आठवली. बाळूचं सामान घरी पाठवायला बांधलं तेव्हा मी ती हातात घेतली होती. छोटी प्लॅस्टिकची डबी, आत तेल गोठलेलं. मला वाटलं त्याची वाटेतली शिदोरी. मीच ती कपड्यांच्या घडीत ठेवली होती.

"त्याच्या आईचं लोनचं," आबा म्हणाले. "ती डबी घरी आली तवा तिला वाटलं, पोरगं उपाशी गेलं. मरंस्तवर तेच म्हनायची." ते उठले, आत गेले. थोरल्या मुलाच्या बायकोला काहीतरी सांगितल्याचं ऐकू आलं. बाहेर येऊन गोविंदला म्हणाले, "माफ-बिफ मला काय कळत न्हाई बाबा. आलायस तर जेवून जा."

आम्ही नुकते जेवून निघालो होतो. तरी तिघेही जेवलो.

गोविंद अजून आमच्या गेटवर आहे. आमची मैत्री झाली नाही, होईल असंही वाटत नाही. प्रार्थनेतली ती माफीची ओळ मी आता म्हणतो, कधी मनापासून, कधी नुसती. पाळकसाहेबांनी दिलेल्या विषयाचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे. जो ते नीट समजावून सांगू शकतो त्याने सांगावं. मी दमलेला माणूस आहे.

लान्स नायक बाळू येळवंडे. वय सव्वीस. उंचीने बेताचा, चढायला सगळ्यांत चपळ. आवाज बसका, तरी आरतीला सगळ्यांत वरच्या पट्टीत गायचा. लग्न झालं नव्हतं, टेम्पोचा रंग मात्र ठरला होता, निळा. कड्यावर दोर बांधून झाला की मागच्या माणसाचा दोर तो स्वतः एकदा ओढून बघायचा, मगच पुढे पाऊल टाकायचा. त्या सकाळी पोट भरून निघाला होता.