मामाजींच्या डोंग्यात बसायचे असेल तर

माझ्या बायकोच्या मामांइतका रागीट माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी दुसरा सापडायचा नाही. वाघाचा अपवाद करावा म्हटले, तर वाघ पोट भरल्यावर निदान झोपतो. मामाजी जेवण झाल्यावर भाजीत मीठ कमी का होते यावर नव्याने चिडतात. पोंभुर्ण्याकडच्या एका गावात त्यांचे घर, घरामागे गावतलाव आणि तलावात त्यांचा लाकूड कोरून केलेला डोंगा. धंदा पिढीजात मासेमारीचा, पण जीव सगळा पाखरांत. डोंग्याच्या टोकाला उभे राहून बांबूने तो असा ढकलतात की पाण्यालाही पत्ता लागत नाही, आणि वरून दम आपल्यालाच: "जवाईबापू, श्वास हळू घ्या ना जी! भाता चालवून राह्यले का?" आमच्याकडे जावयाचा मान मोठा, त्यामुळे मला शिव्यासुद्धा 'तुमी' आणि 'जी' लावून मिळतात.

पांढरा शर्ट, अत्तर, खोकला, वाजणारा मोबाइल आणि 'हा कोणता पक्षी?' हा प्रश्न दोनदा विचारणारा माणूस, यांपैकी काहीही त्यांच्या डोंग्यात चालत नाही. एकदा नागपूरचे एक साहेब हातभर लांब कॅमेरा घेऊन आले. शांत बसलेली बदके त्यांना उडताना हवी होती, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मामाजींनी डोंगा उथळ पाण्यात नेऊन चिखलात रुतवला, बांबू काखेत मारला आणि कमरेएवढ्या पाण्यातून सरळ काठाकडे चालू लागले. साहेब ओरडले, "अहो, मी कसा येऊ?"

"टाळ्या वाजवा ना जी. उडाल तुमीबी!"

तासाभराने त्यांना आणायला गेले, तेही तणतणतच, कारण साहेबांनी तेवढ्यात बिस्किटाचा कागद पाण्यात टाकला होता.

तलावाच्या एका कोपऱ्यात कमळे आणि देवधान, म्हणजे आपोआप उगवणारा रानभात, दाट माजलेले असायचे. पावसाळ्यात तिथे कमळपक्षी पानांवर अंडी घालत. मादी अंडी घालून दुसरा संसार मांडायला निघून जाते आणि अंड्यांवर बसतो नर. या नराबद्दल मामाजींना भलता आदर. "बाई गेली त गेली, पर गडी जागचा हालत नाई." त्या दिवसांत त्या कोपऱ्यात कोणी जाळे टाकायचे नाही, हा नियम त्यांनी धिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, बैठकीत भांडून करून घेतला होता. ते भांडण इतके पेटले की सख्ख्या भावाशी त्यांचा अजून अबोला आहे.

दोन वर्षांपूर्वी मी त्या नराचा फोटो काढला आणि गावाच्या नावासकट मोबाइलवर चढवला. लोकांनी वाहवा केली, मीही शेफारलो. मग दर रविवारी गाड्या यायला लागल्या आणि पाठोपाठ गावच्या पुढाऱ्यांना तलावाच्या सौंदर्यीकरणाची उबळ आली. सौंदर्यीकरण म्हणजे काय, तर सुंदर असेल ते उपटायचे आणि तिथे सिमेंटचा बगळा बसवायचा! गेल्या पंधरा ऑगस्टला पायाने चालवायच्या बोटींचे उद्घाटन ठरले आणि त्याआधी कमळे काढायला यंत्र आले. नर तेव्हा चार अंड्यांवर बसलेला होता.

मामाजी डोंगा घेऊन यंत्राच्या आडवे जाऊन बसले. पाऊस कोसळत होता, डोक्यावर नुसता प्लास्टिकचा कागद. सरपंच काठावरून समजूत घालू लागले, तेव्हा मामाजी तिथूनच गरजले, "तुमची बाई बाळंत असली त घरात मशीन घालान का जी?" सकाळी यंत्राआधी जायचे आणि ते बंद झाल्यावरच परतायचे, असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी पिल्ले पाण्यावर उतरली आणि बापामागून पलीकडच्या गवतात शिरली. मामाजी उठले, यंत्रवाल्याला एक ठेवणीतली शिवी हासडली आणि घरी येऊन तापाने आडवे झाले. दोन दिवसांत कोपरा साफ झाला. उद्घाटनाला फुगेसुद्धा लावले होते म्हणे. माझे डोके अजून भडकते, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरचाच आहे.

यंदा कमळपक्षी आले नाहीत. पाहायला काही उरले नाही म्हणून गाड्याही बंद झाल्या. परवा आम्ही दोघे डोंग्यातून त्या कोपऱ्यात गेलो, तर नुसते मोकळे पाणी. मला राहवेना.

"मामाजी, तो फोटो मी टाकला होता. गावाचं नावही मीच लिहिलं."

"मालूम हाये."

"कधीपासून?"

"पयल्याच दिसापासून. माह्या पोरीनं मोबाइलात दाखवलं."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

त्यांनी बांबू चिखलात रोवला. "घरचे सारे मासोळीच पायतेत जी. पाखरू पायतो म्हनून माह्यासंग बसनारे तुमी एकटेच. तुमालेबी हाकललो असतो त दाखवलो कोनाले असतो?"

आणि डोंगा घराकडे वळवला. इतकी वर्षे मी त्यांच्या रागाला हसत आलो. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यावर एकदा तरी ओरडावे असे फार वाटले. ते ओरडले नाहीत.